पेंटरांचं उजवं बोट

खंडेनवमीची सकाळ होती. मी पाटावर फडकं अंथरून आमच्या ह्यांचे ब्रश पूजेला मांडत होते आणि हे खुर्चीत बसून डाव्या हाताच्या बोटानं माझ्या चुका दाखवत होते. बारका ब्रश मोठ्याच्या पुढं घे, पट्टी आडवी ठेव, रंगाचे डबे मागं सरक. माणसाला धड बोलता येत नव्हतं, पण बायकोच्या कामातली खोट काढायला बोलावं थोडंच लागतं. मी म्हटलं, अहो, देवाला नंबराप्रमाणं ब्रश लावलेले कळत नाहीत, राहू द्या. तर तोंडाच्या एका बाजूनं हसले. दुसरी बाजू माघ महिन्यापासून हसत नव्हती.

आमचे हे म्हणजे महिपती लोहार. पण गडहिंग्लजात त्या नावानं विचाराल तर कुणी घर दाखवणार नाही. पेंटर म्हणा, लगेच दारापर्यंत आणून सोडतील. सलूनच्या पाट्या, दूध डेअरीचे बोर्ड, ट्रॅक्टरच्या पाठीवरची नावं, सगळं ह्यांच्या हातचं. अक्षर असं की पोरं शाळेत जाताना उभी राहून बघायची. मग फ्लेक्स आलं आणि भल्या भल्या पेंटरांनी हात टेकले. कुणी रिक्षा घेतली, कुणी घरांना रंग द्यायला जायला लागलं. ह्यांनी तसं केलं नाही. वयाच्या पंचेचाळिशीत लॅपटॉप घेतला आणि पोरासोरांना विचारून विचारून शिकले. घरी बसून बॅनर तयार करायचे आणि पेनड्राइव्हवर घालून बाजारातल्या प्रेसला छापायला द्यायचे. वाढदिवस, उद्घाटनं, दहीहंडी, श्रद्धांजली. पुन्हा नाव झालं.

पण त्या धंद्यात डिझाइन चोरणारे फार. म्हणून लॅपटॉप घेतानाच ह्यांनी बोटाचं कुलूप असलेला घेतला. बटणांच्या खाली एक बारीक पट्टी होती, तिच्यावरून बोट ओढलं की मशीन उघडायचं. दुकानातल्या माणसानं अंगठा द्या म्हटल्यावर हे भडकले होते. "माझ्या बापानं जन्मभर अंगठा उठवला. मी नाही उठवणार." आणि उजव्या हाताचं पहिलं बोट दिलं, ब्रशला आधार द्यायचं ते. घरी आल्यावर मला कौतुकानं सगळं दाखवलं. सेटिंगमध्ये एक पान होतं, त्यावर दोन हातांचं चित्र. जे बोट मशीनला ओळखीचं करून दिलंय ते हिरवं दिसायचं, बाकीची नुसती रेघांची. मी म्हटलं, जावयासारखा मान आहे की तुमच्या बोटाला. ह्यांना ते फार आवडलं. पुढं कितीतरी दिवस आल्यागेल्याला सांगत होते.

माघात एका सकाळी चहा पिता पिता कप हातातून निसटला. मी म्हटलं, नीट धरा की. तर माझ्याकडं बघून काहीतरी बोलायला गेले आणि तोंडातून नुसता आवाज आला. उजवी बाजू गेली. पुढचं कोल्हापूरच्या दवाखान्यातलं सगळं मी सांगत बसत नाही. ज्याच्या घरात झालंय त्याला ठाऊक आहे, आणि ज्याच्या घरात झालेलं नाही त्याच्या घरात होऊ नये. घरी आलो तेव्हा पाय ओढत ओढत का होईना चालत होते. वाचा गेलीच होती म्हणायची. शालन म्हणता यायचं, नको म्हणता यायचं, आणखी चार-दोन शब्द. उजवा हात मात्र खांद्यापासून नुसता लोंबत होता.

लॅपटॉपला बोटाशिवाय पासवर्डही होता, पण तो ह्यांनी कुणाला सांगितला नव्हता आणि आता तो त्यांनाच जिभेवर आणता येईना. डाव्या हातानं लिहायला गेले तर नुसत्या रेघोट्या. राहता राहिलं ते बोट. मग मीच त्यांचा उजवा हात उचलून त्या पट्टीपाशी नेला. हाताला तेल लावलेलं होतं, ते पदरानं पुसलं. बोट वळलेलं होतं, ते सरळ केलं. ओढलं, मशीन म्हणालं ओळखत नाही. पुन्हा ओढलं, पुन्हा तेच. हे नको नको म्हणायला लागले. मी हट्टाला पेटले. शेवटी एकदाचं उघडलं बघा. आम्ही दोघं एकमेकांकडं बघून असे हसलो की काय सांगू. मला वाटलं, हात पुन्हा कामाला लागला. आज बोटानं कुलूप उघडलं, उद्या माऊस धरेल, परवा ब्रश धरेल.

तेव्हापासून मी खाडा पडू दिला नाही. आंघोळ झाली की तेल, तेल झालं की पुसणं आणि मग बोट त्या पट्टीवर. मशीन उघडलं की मी माऊस धरायची आणि हे शेजारी बसून डाव्या बोटानं दाखवायचे, हे अक्षर मोठं कर, तो फोटो डावीकडं घे. सातवी शिकलेली बाई मी, पण शिकले. गिऱ्हाईक मोडलं नाही.

आमची स्नेहल पुण्याला असते. ती फोनवर सारखी म्हणायची, आई, त्या दोन हातांच्या पानावर जाऊन बाबांचं डावं बोट घाल, दोन मिनिटांचं काम आहे, रोज त्यांचा हात कशाला ओढत बसतेस. तिचं चुकीचं नव्हतं. पण मला ते ऐकूनच कसंतरी व्हायचं. डावं घातलं म्हणजे उजव्यावर पाणी सोडलं, असं माझ्या मनानं घेतलं होतं. एकदा हे शेजारीच बसलेले असताना मी तिला सरळ सुनावलं.

"डाव्याची गरज नाही. ह्यांचा उजवा बरा होणारच आहे."

हे माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले. मग मान हलवली. मला वाटलं, त्यांच्याही मनात तेच आहे.

एक गोष्ट मी त्यांना सांगितलेली नव्हती. दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हातात जे काय परत यायचं ते सहा महिन्यांत येतं, पुढं फार आशा धरू नका. मी ते पोटात ठेवलं. ह्यांना ताकास तूर लागू दिली नाही. श्रावण आला, सहा महिने होऊन गेले, हात होता तसाच. मग मी स्वतःलाच सांगायला लागले की काहींना वर्ष लागतं, अमक्याच्या मेव्हण्याला दीड वर्ष लागलं. आणि त्याच सुमाराला ह्यांनी एक नवीन सुरू केलं. सकाळी मी तेलाची वाटी ठेवून वळले की स्वतःच डाव्या हातानं उजवा उचलायचे आणि लॅपटॉपपाशी आणून ठेवायचे. मी न सांगता. मला भरून यायचं. एवढी जिद्द असलेल्या माणसाचा हात परत येणार नाही तर कुणाचा येणार, असं वाटायचं.

तर ती खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं पुजतात आणि एकदा पुजली की दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. लोहाराच्या घरात तर हे फारच कडक. माझे सासरे त्या दिवशी भट्टी पेटवायचे नाहीत, गावचा पाटील दारात आला तरी. मी ब्रशना हळद-कुंकू वाहिलं, लॅपटॉप मिटून पाटावर ठेवला, त्याच्या पाठीवर कुंकवाचं बोट ओढलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. मग काय मनात आलं कोण जाणे, ह्यांचा उजवा हात मांडीवर घेतला आणि पहिल्या बोटाच्या पेराला हळद-कुंकू लावलं. म्हटलं, हेही हत्यारच की. आज ह्याला सुट्टी. ह्यांनी मान वळवली आणि दाराकडं बघत राहिले. त्याच्या आदल्याच दिवशी ह्यांचे मित्र दाजी गुरव वारले होते, म्हणून मला वाटलं त्यांची आठवण आली असेल.

दाजी म्हणजे मागच्या गल्लीतले. ह्यांना दुखणं आल्यापासून रोज दुपारी यायचे आणि ह्यांच्यासमोर बसून एकटेच बोलायचे. राजकारण, पाऊस, कोणाची म्हैस व्याली, सगळं. आपणच प्रश्न विचारायचे, आपणच उत्तर द्यायचे. पेंटर बोलत नाही हे त्यांनी कधी मनावरच घेतलं नाही. आदल्या संध्याकाळी बसल्या जागी गेले. ह्यांना शेवटचं दर्शन घ्यायला न्यावं म्हणून मी रिक्षा बोलावणार होते, पण ह्यांनी नको म्हणून हात केला आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

पूजा मांडून झाली आणि दाजींचा पुतण्या बाळू दारात आला. डोळे सुजलेले. उद्या सकाळी रक्षाविसर्जन, चौकात श्रद्धांजलीचा बॅनर लावायचा आहे, दसऱ्याला प्रेस बंद, तेव्हा काय करायचं ते आत्ताच करून द्या म्हणाला. आणि पेंटरकाकांनीच करावा, दाजींचा जीव होता त्यांच्यावर. मला फार वाईट वाटलं, पण मी म्हटलं, बाळू, हत्यारं पुजली आहेत बाबा, आणि ह्यांचं बोटही पुजलंय, आता उघडता येणार नाही, दुसऱ्या कुणाकडून करून घे. ह्यांनी नको नको करत डावा हात हलवला. मला कळेना, कशाला नको म्हणताहेत. तेवढ्यात लक्षात आलं की नारळच आणलेला नाही. बाळूला बसवलं, म्हटलं चहा टाकते आल्यावर, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गेले.

दुकानात सणाची गर्दी होती, थोडा वेळ लागला. परत आले तर दारातच थांबले. पाटावरचा लॅपटॉप ह्यांच्या पुढ्यात टेबलावर होता आणि उघडलेला होता. झेंडूचं फूल पाटावर जागच्या जागी नीट ठेवलेलं. पडद्यावर दाजींचा फोटो, फेटा घातलेला, आणि खाली भावपूर्ण म्हणून अक्षरं. ह्यांचा डावा हात माऊसवर होता आणि तो चांगला सराव असल्यासारखा चालत होता. माझी नजर गेली ती उजव्या हाताकडं. तो मांडीवर पडला होता. बोटावरचं हळद-कुंकू जसंच्या तसं, पुसटसुद्धा झालेलं नव्हतं.

त्या बोटानं मशीन उघडलं नव्हतं, एवढं माझ्या ध्यानात आलं. मग कशानं उघडलं? नारळ हातात घेऊन मी तशीच उभी. बाळूला वाटलं, पूजा मोडली म्हणून मी रागावले. तो बिचारा घाईघाईनं सांगायला लागला.

"काकू, पुजलेल्या बोटाला काय लावलं नाही हां त्यांनी. डाव्यानं उघडलं. मागं दहीहंडीचा बोर्ड केला तेव्हा पण डाव्यानंच उघडलं होतं की. तुम्ही बाजारला गेला होता."

दहीहंडी म्हणजे श्रावण. ह्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. पडद्याकडं बघत राहिले आणि श्रद्धांजली हा शब्द पुरा केला. मी आत गेले, चहा टाकला, बाळूला दिला. बॅनर झाला, बाळूनं पेनड्राइव्ह खिशात घातला, ह्यांच्या पायाला हात लावला आणि गेला.

मग मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

"कधी घातलं डावं बोट?"

त्यांना शब्द जुळवायला वेळ लागायचा.

"नारळी," म्हणाले.

नारळी पौर्णिमेला मी भावाकडं राखी बांधायला गेले होते. सकाळी मशीन उघडून ठेवून गेले होते, ह्यांना काही बघायचं असलं तर बघतील म्हणून. मी गेल्यावर ह्यांनी ते दोन हातांचं पान काढलं असणार आणि एका हातानं, एकट्यानं, डावं बोट ओढून ओढून मशीनला ओळखीचं करून दिलं असणार. त्यानंतर रोज सकाळी हा माणूस मनात आलं असतं तर एका क्षणात मशीन उघडू शकला असता. आणि रोज सकाळी डाव्या हातानं उजवा उचलून माझ्यापुढं ठेवत होता. मी तेल लावायची, पुसायची, बोट सरळ करायची, चार-चार वेळा ओढायची, आणि उघडलं की हसायची. तोही माझ्याबरोबर हसायचा.

मला राग आला. खरं सांगते, आधी रागच आला. म्हटलं, "मग रोज हात पुढं का करत होता? माझी थट्टा होती का?"

ह्यांनी नको नको म्हणून मान हलवली. ओठ हलत होते आणि शब्द येत नव्हता. मग डाव्या हाताची पाच बोटं दाखवली, मूठ मिटली आणि एक बोट दाखवलं. सहा. आणि म्हणाले, "डॉक्टर."

म्हणजे त्यांनाही सांगितलं होतं. श्रावणाच्या आधी कोल्हापूरला तपासायला नेलं होतं, तेव्हा मी औषधाच्या रांगेत उभी होते, तेव्हाच सांगितलं असणार. जे मी पोटात घालून फिरत होते तेच हेही पोटात घालून बसले होते. मला कळू नये म्हणून ते आणि त्यांना कळू नये म्हणून मी. त्यांनी पुन्हा जुळवाजुळव केली आणि एक एक शब्द सुटा करून म्हणाले,

"तुला. बरं. वाटायचं."

एवढे महिने मला वाटत होतं की मी ह्यांना धीर देतेय. रोज सकाळी हात ह्यांच्यासाठी कामाला लावतेय. आणि हे, ज्यांचा हात गेला होता, ज्यांची अक्षरं गेली होती, ते रोज सकाळी माझी समजूत काढत होते. हात गेल्याचं दुःख ह्यांनी नारळी पौर्णिमेला एकट्यानं बसून केलं होतं. घरात कुणी नव्हतं. पाठीवर हात ठेवायला मी नव्हते. हे मला सगळ्यात जास्त लागलं, अजून लागतं.

ह्यांनी माऊस धरला आणि ते पान काढलं. दोन हातांचं चित्र. उजव्याचं पहिलं बोट हिरवं, डाव्याचं पहिलं बोट हिरवं. बाण उजव्या बोटावर नेला आणि दाबलं. मशीननं विचारलं, हे बोट काढून टाकायचं का. खाली होय आणि नाही. हे तिथं थांबले आणि माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "राहू दे. असू दे ना चित्रात. काय खातंय ते?"

"शालन," म्हणाले. किती तरी दिवसांनी माझं नाव इतकं स्वच्छ म्हणाले. मग उजव्या हाताकडं बघून म्हणाले, "गेला तो."

आदल्या संध्याकाळी दाजींची बातमी घेऊन आलेला माणूस दारात उभा राहून हेच दोन शब्द बोलला होता, फक्त अहोजाहो करून. ह्यांनी माझा हात घेतला आणि माऊसवर ठेवला. जबरदस्ती केली नाही. नुसता ठेवला आणि आपला हात वर ठेवून बसून राहिले. मी होय दाबलं. चित्रातलं उजवं बोट नुसतं रेघांचं झालं, शेजारच्या चार बोटांसारखं.

मग मी तो हात, खरा हात, मांडीवर घेतला आणि रडले. माघापासून रडले नव्हते. दवाखान्यात नाही, घरी आणलं तेव्हा नाही, सहा महिने होऊन गेले त्या दिवशीही नाही. बरा व्हायचा आहे त्याच्यासाठी रडायचं कसं, म्हणून रडलेच नव्हते. हेही रडले. एका डोळ्यातून जास्त पाणी येत होतं आणि ते त्यांना पुसता येत नव्हतं, कारण त्यांचा चांगला हातही मी घट्ट धरून ठेवला होता.

शेजारच्या हौसाबाई आवाज ऐकून आत आल्या. पाटावरची पूजा, न फोडलेला नारळ, टेबलावर लॅपटॉप उघडा आणि आम्ही दोघं असे. त्यांना काय कळायचं. त्या माझ्याजवळ खाली बसल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "किती जीव लावला होता गं. रोज दुपारी यायचे बिचारे. एवढं मनाला लावून घेऊ नकोस, दाजी सुटले."

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी मान खाली घातली.

"हो," मी हौसाबाईंना म्हटलं. "फार जीव होता आमचा."